जुनी फोर-व्हील जीप : दुखणी, देखभाल आणि खर्चाचा हिशोब

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकवणारा माणूस आज जीपवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण पिकाच्या उत्पादन खर्चाचा तक्ता मांडताना बियाणे, खते, मजुरी यांचा पै-पैचा हिशोब निघतो आणि वाहतुकीच्या रकान्यात मात्र अंदाजे आकडा पडतो, असे नेहमी दिसते. ज्यांच्या दारात जुनी जीप आहे त्यांचा तर हा रकाना कोराच असतो. "गाडी घरचीच आहे, तिचा कसला खर्च?" असे उत्तर मिळते. घरच्या बैलाला वैरण लागते, तशी घरच्या जीपलाही लागते. ती किती लागते आणि कशी वाचवता येते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फोर-व्हील जीपचे महत्त्व सर्वत्र सारखे नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याचा पश्चिम भाग हा अतिपावसाचा डोंगरी पट्टा आहे. तेथे पावसाळ्यात दूध, भाजीपाला किंवा आजारी माणूस वाडीवरून खाली आणावयाचा तर चारही चाकांना ओढ असलेली गाडी ही चैन नसून गरज आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की पाणंद रस्ता आठ-आठ दिवस वाळत नाही. याउलट माण, जत, आटपाडीकडे वर्षातील बहुतेक दिवस साधी दोन चाकांच्या ओढीची गाडी पुरते. तेव्हा पहिला प्रश्न हा की, आपल्याला वर्षातून किती दिवस फोर-व्हील लागते? या प्रश्नाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

ही गाडी आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू केली. पुढे तिला डिझेल इंजिने बसली. आपल्याकडे आजही दिसणाऱ्या एम.एम. ५४० जीपमध्ये प्यूजो बनावटीचे २११२ सी.सी.चे, ६२ अश्वशक्तीचे इंजिन असे. डी.आय. इंजिनाच्या गाड्यांत ते २५२३ सी.सी.चे आहे. इंजिने वेगळी असली तरी फोर-व्हीलची मूळ रचना बरीचशी सारखी आहे. म्हणून त्यांची दुखणीही सारखीच आहेत.

फोर-व्हील कशी चालते?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते. तेथून एक शाफ्ट मागच्या धुरीकडे आणि दुसरा पुढच्या धुरीकडे जातो. एरवी पुढचा शाफ्ट सुटा असतो आणि फक्त मागची चाके गाडी ढकलतात. दांडा टाकला की पुढची चाकेही ओढू लागतात. 'लो' टाकले की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. जुन्या जीपमध्ये ही वाढ सुमारे अडीच पट असते. एवढी ताकद एकट्या मागच्या धुरीवर आली तर तिचे शाफ्ट तुटण्याची भीती असते. म्हणून पुढची चाके जोडल्याशिवाय 'लो' वापरू नये.

बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवण्याचे लॉक असतात. ते 'फ्री'वर असतील तर आत बसून कितीही वेळा दांडा टाकला तरी पुढची चाके ओढणार नाहीत. पावसाळा सुरू होताना हे लॉक मोकळेपणाने फिरतात का, हे अवश्य पाहावे. वर्षभर न फिरवलेले लॉक नेमके चिखलात अडकतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शिअल नसते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरचे दाते यांवर येतो. स्टिअरिंग जड होते, दांडा बाहेर निघत नाही आणि एके दिवशी क्रॉस तुटतो. म्हणून डांबर लागले की फोर-व्हील काढावी. दांडा अडकला तर जोर करू नये. गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, ताण सुटतो आणि दांडा निघतो.

टायरच्या बाबतीतही हाच नियम आहे. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर घातले तर काय होते, ते पाहा. टायरची जाडी १ सें.मी.ने कमी झाली तर त्याचा घेर सुमारे ६.३ सें.मी.ने कमी होतो. जीपचे चाक १ कि.मी.मध्ये साधारण ४३५ फेरे घेते. म्हणजे १ कि.मी.मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे २७ मीटरचा फरक पडतो. फोर-व्हील जोडलेली असताना हे २७ मीटर कोठेतरी घासून किंवा तुटून भरून निघतात. तेव्हा चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो सारखेच झिजलेले आणि सारख्या हवेचे ठेवावेत.

नेहमीची दुखणी आणि त्यांवरील उपाय

१) तेलगळती : जुनी जीप उभी राहते तेथे डाग पडतो, हे खरे. पण डाग कशाचा आहे हे ओळखावे. ट्रान्स्फर केसचे आणि डिफरन्शिअलचे तेल जाड व उग्र वासाचे असते. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकाला असतो. तेथील ऑइल सील गळू लागले की तेल थेट हँडब्रेकच्या लायनिंगवर जाते. मग चढावर हँडब्रेक धरत नाही. अशा वेळी नुसता हँडब्रेक आवळून उपयोग नाही. आधी सील बदलावे आणि मग लायनिंग.

२) तेलात पाणी : ओढा ओलांडताना गरम झालेली धुरी एकदम थंड पाण्यात जाते. आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा तुंबलेल्या व्हेंटमधून पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरट दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि ते ताबडतोब बदलावे. पाणीमिश्रित तेलावर चालवलेल्या गाडीची बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागतात. पाणी हबच्या वर गेले असेल तर त्याच आठवड्यात दोन्ही डिफरन्शिअलचे तेल तपासावे. व्हेंट दर पावसाळ्यापूर्वी साफ करावेत.

३) क्रॉस आणि शाफ्ट : गाडी निघताना किंवा गिअर बदलताना खालून 'टक्' असा आवाज येत असेल तर क्रॉस झिजले आहेत. चाकांना दगड लावून, गाडीखाली वाकून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. सांध्यात खेळ जाणवला तर क्रॉस बदलावा. क्रॉसची किंमत थोडी असते. तो धावत्या गाडीत तुटला आणि शाफ्ट खाली आपटला तर नुकसान फार मोठे होते. निपल असलेल्या प्रत्येक सांध्याला ग्रीस द्यावे आणि जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत द्यावे.

४) स्टिअरिंगची थरथर : ताशी ४०-५० कि.मी. वेगाला खड्डा लागला की पुढची चाके थडथडू लागतात, ही जुन्या जीपची जुनीच तक्रार आहे. याचे कारण एकच नसते. टायरची हवा, चाकाचे बॅलन्सिंग, हबचे बेअरिंग, टाय रॉडची टोके, पाट्यांचे बुश आणि शेवटी किंगपिनचे बेअरिंग, या क्रमाने तपासावे. स्वस्तात होणारी तपासणी आधी करावी. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ असेल तर तो बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये आहे.

५) पाणी तापणे : जत, आटपाडी, खानापूर भागात बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ठिबकच्या नळीत क्षार बसतात तसेच ते रेडिएटरच्या नळ्यांतही बसतात. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता मऊ, स्वच्छ पाणी आणि कूलंट ठरलेल्या प्रमाणात घालावे. पुढच्या जाळीत अडकलेला पाचोळा व माती आतल्या बाजूने हलक्या पाण्याने काढावी. पाणी सारखे कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत असतील आणि इंजिन ऑइल पांढरट झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी तेथेच थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

६) डिझेल आणि धूर : शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी व गाळ बसतो. पिंप हलवून लगेच डिझेल काढू नये आणि तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नये. फिल्टरखालील पाणी वेळोवेळी सोडावे. धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा, मग नोझल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल, टायमिंग किंवा हेड गॅस्केट तपासावे.

७) गंज : या विषयावर मी कृषिविद्येचा माणूस म्हणून बोलू शकतो. युरिया आणि पोटॅश ही खते हवेतील ओलावा शोषतात. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत चासीच्या पोकळीत बसते, ओले होते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग चांगला दिसतो आणि पाट्याच्या हँगरजवळ चासी पोखरलेली असते. खत किंवा शेणखत वाहिल्यावर गाडी त्याच दिवशी खालून धुवावी. जुनी गाडी विकत घेताना चासीवर, विशेषतः हँगर आणि क्रॉस मेंबरच्या जोडांवर, हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा.

ब्रेक : येथे काटकसर नको

वरील सर्व दुखण्यांत पैसा जातो. ब्रेकच्या दुखण्यात माणसे जातात. पसरणीचा घाट, केळघर घाट, कुंभार्ली घाट हे आपले रोजचे रस्ते आहेत. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच तेलवाहिनी असते. कोठेही एक कप किंवा एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. अशा गाडीचे रबरी पाइप आणि चाकांतील कप फुटण्याची वाट न पाहता ठराविक काळाने बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर तापल्यावर त्यात वाफ होऊन पेडल खाली बसते. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे.

उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडावी. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. निसरड्या कच्च्या उतारावर फोर-व्हील 'लो' टाकली तर इंजिनच चारही चाकांना धरून ठेवते. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालवावे, म्हणजे ड्रम वाळतात.

आणखी एक विनंती. आर.सी. बुकात जेवढ्या आसनांची नोंद आहे तेवढीच माणसे बसवावीत. भांगलणीला किंवा तोडणीला जाणाऱ्या पंधरा-वीस बायामाणसांना एका जीपमध्ये कोंबून घाटातून नेणे हे चांगल्या ब्रेकलाही झेपत नाही. अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडचणीत येते.

कागदपत्रे

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. यालाच आपण 'पासिंग' म्हणतो. मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो. हलक्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. अर्जापूर्वी सातारा, कराड किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेल्या बंदीची बातमी ऐकून काहींनी घाईने गाड्या भंगारात दिल्या. तो आदेश त्या परिसरापुरता होता.

जुनी जीप घेताना इंजिन आणि चासी नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. अनेक जीपमध्ये इंजिन बदललेले असते, पण त्याची नोंद झालेली नसते. काहींचा पुढचा शाफ्टच काढून टाकलेला असतो आणि गाडी 'फोर-व्हील' म्हणून विकली जाते. गाडीखाली वाकून शाफ्ट पाहावा, मग ओल्या रानात नेऊन पुढची चाके ओढतात का याची खात्री करावी आणि नंतरच भावाचे बोलावे.

खर्चाचा हिशोब

आता वहीत मांडण्यासारखा हिशोब पाहू. पुढील आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. आपण आपले आकडे घालावेत. २० वर्षांवरील जीप २,५०,००० रुपयांना घेतली असे समजा.

गाडी चालो वा न चालो, वर्षाचा ठरलेला खर्च :
- गुंतलेल्या रकमेवर ९ टक्के व्याज : २२,५०० रुपये
- घसारा : १०,००० रुपये
- तृतीय पक्ष विमा (१५०० सी.सी.वरील खासगी मोटारीस जून २०२२ पासूनचा दर ७,८९७ रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी.) : सुमारे ९,३०० रुपये
- पासिंग, पर्यावरण कर, पी.यू.सी. (वार्षिक वाटा) : ३,२०० रुपये
- एकूण : ४५,००० रुपये

दर कि.मी. होणारा खर्च :
- डिझेल (९० रुपये लिटर, लिटरला १० कि.मी.) : ९.०० रुपये
- ऑइल, फिल्टर, ग्रीस, किरकोळ दुरुस्ती : १.५० रुपये
- टायर : ०.५० रुपये
- मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव : ३.०० रुपये
- एकूण : १४.०० रुपये

वर्षाला ३,००० कि.मी. चालली तर दर कि.मी. खर्च २९ रुपये पडतो. ५,००० कि.मी. चालली तर २३ रुपये आणि ९,००० कि.मी. चालली तर १९ रुपये. म्हणजे दारात उभी असलेली गाडीच सर्वांत महाग पडते.

आता भाड्याच्या पिकअपशी तुलना करू. समजा, बाजारापर्यंत जाऊन-येऊन ४० कि.मी.च्या फेरीला १,५०० रुपये भाडे पडते. हे कि.मी.ला साडेसदतीस रुपये झाले. घरच्या जीपचा चालता खर्च १४ रुपये वजा जाता कि.मी.ला साडेतेवीस रुपये वाचतात. ४५,००० रुपयांचा ठरलेला खर्च भरून निघण्यासाठी सुमारे १,९०० कि.मी., म्हणजे वर्षाला ४८ फेऱ्या व्हाव्या लागतात. त्याहून कमी फेऱ्या असतील तर केवळ पैशाच्या हिशोबाने भाड्याची गाडी परवडते. पगारी चालक असेल तर त्याचा पगार मिळवावा, फेऱ्यांची संख्या आणखी वाढेल.

मोठ्या दुरुस्तीचा निर्णयही याच पद्धतीने घ्यावा. मिस्त्रीने इंजिनाचे काम ८०,००० रुपये सांगितले की आपण म्हणतो, "एवढ्यात अर्धी गाडी येते." पण त्यानंतर गाडी चार वर्षे, वर्षाला ५,००० कि.मी. चालणार असेल तर ते काम कि.मी.ला ४ रुपये पडले. चासी, गिअरबॉक्स आणि धुऱ्या चांगल्या असतील तर काम करावे. चासी गंजली असेल तर नव्या इंजिनावर पैसा घालू नये. खचलेल्या जोत्यावर माळा चढवण्यासारखे ते आहे.

निर्णय कसा घ्यावा?

तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. वर्षातून किती दिवस फोर-व्हीलवाचून खरोखर अडते? वर्षाला किती कि.मी. चालते? आणि चासी व ब्रेक भरवशाचे आहेत का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थ नाही. ती गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नये. डोंगरी भागात ज्या वाडीला पावसाळ्यात दुसरे साधनच नाही तेथे ४८ फेऱ्यांचा हिशोब थोडा बाजूला ठेवावा लागतो, हे मला मान्य आहे. रात्री अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी एक फेरी कोणत्याही रकान्यात बसत नाही. मात्र अशा गाडीची देखभाल तर अधिकच काटेकोर हवी, कारण त्या रात्री ती सुरू व्हायला हवी. भाऊबंदांत किंवा शेजाऱ्यांत गाडी वाटून वापरत असाल तर डिझेलबरोबर राखीव निधीचे कि.मी.ला ३ रुपयेही प्रत्येकाकडून घ्यावेत. बहुतेक भांडणे डिझेलवरून होत नाहीत, क्लचप्लेट कोणी भरायची यावरून होतात.

गाडीत एक शंभर पानी वही ठेवावी. तारीख, कि.मी., डिझेल, दुरुस्ती आणि फेरी कशासाठी झाली, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. येत्या मृगापूर्वी ब्रेक, धुरीची तेले, व्हेंट, हबचे लॉक आणि वायपर तपासून घ्यावेत. वर्षअखेर वही उघडली की गाडी ठेवावी की विकावी, याचे उत्तर कोणा सल्लागाराला विचारण्याची गरज उरणार नाही.